मणिपूर-नागालँडच्या स्त्रिया : शांतता, सुरक्षितता आणि समतेचा लढा

मणिपूर आणि नागालँड ही नावे आपल्याकडच्या बातम्यांत येतात ती बहुतेक वेळा गोळीबार, संचारबंदी किंवा इंटरनेटबंदीच्या निमित्ताने. त्या बातम्यांत स्त्री दिसते ती पीडित म्हणून. प्रत्यक्षात या दोन राज्यांतील स्त्रियांनी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत रस्त्यावर, न्यायालयात आणि सशस्त्र गटांच्या तळांपर्यंत जाऊन जे काम केले आहे, त्याला देशात फारशी तोड नाही. या चळवळीचा इतिहास, तिने मिळवलेले यश आणि तिच्या मर्यादा अशा तिन्ही गोष्टी आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. शांतता, सुरक्षितता आणि समता या मागण्या वेगवेगळ्या करता येत नाहीत, हे आपल्या चळवळीतील तरुण कार्यकर्त्यांनी या इतिहासातून समजून घ्यावे, एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

मणिपूरचे साधारण दोन भाग पडतात. मधले इंफाळ खोरे मुख्यतः मैतेई समाजाचे आणि भोवतालचे डोंगर नागा व कुकी-झो जमातींचे. नागालँड १ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र राज्य झाले, पण नागा सशस्त्र संघर्ष त्याआधीच सुरू झाला होता. तो मोडून काढण्यासाठी १९५८ मध्ये सशस्त्र दल (विशेषाधिकार) कायदा, म्हणजेच ‘अफ्स्पा’ आला. १९८० मध्ये संपूर्ण मणिपूर ‘अशांत क्षेत्र’ जाहीर झाले. या कायद्याने जवानांना ठरावीक परिस्थितीत जीव जाईपर्यंत गोळीबार करण्याचा आणि वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार दिला. कलम ६ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांच्यावर खटलाही चालवता येत नाही.

म्हणजे एका बाजूला सशस्त्र गट, दुसऱ्या बाजूला विशेष अधिकार असलेले सुरक्षा दल आणि तिसरीकडे जमातींमधील आपापसांतला संघर्ष. या तिन्हींच्या मध्ये गावे आणि वस्त्या सापडल्या. घरातला पुरुष भूमिगत, तुरुंगात किंवा मृत असताना घर चालवणारी आणि शोध घेत फिरणारी स्त्रीच होती.

नुपी लान ते मैरा पाइबी

मणिपुरी भाषेत ‘नुपी’ म्हणजे स्त्री आणि ‘लान’ म्हणजे युद्ध. पहिले नुपी लान १९०४ चे. इंफाळमधील इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला जळाला आणि तो बांधून देण्यासाठी पुरुषांनी वेठीने राबावे, असा हुकूम निघाला. त्याविरुद्ध हजारो स्त्रिया बाहेर पडल्या. दुसरे नुपी लान १९३९ चे. पीक हाताशी असताना तांदूळ राज्याबाहेर जात होता आणि बाजारात भाव भडकले होते. १२ डिसेंबर १९३९ रोजी स्त्रियांनी दरबाराचे इंग्रज अध्यक्ष शार्प यांना तार कार्यालयात घेरले. महाराज तेव्हा नवद्वीपला होते. त्यांना तार करून तांदळाची निर्यात थांबवा, ही मागणी होती. आसाम रायफल्सच्या संगिनींनी अनेक स्त्रिया जखमी झाल्या. त्यानंतर त्यांनी दीर्घकाळ बाजारावर बहिष्कार टाकला. मणिपुरात आजही १२ डिसेंबर हा नुपी लान दिन म्हणून पाळला जातो.

हे बळ आले कुठून? इंफाळच्या ख्वैरामबंद येथील ‘इमा कैथेल’ म्हणजे आयांचा बाजार. तेथे विक्रेत्या फक्त स्त्रिया. हजारो स्त्रिया रोज एका जागी येतात, स्वतःचा पैसा हाताळतात, बातम्यांची देवाणघेवाण करतात. संघटना बांधायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे जागा, पैसा आणि संपर्क, त्यांच्याकडे आधीपासून होत्या. स्त्रियांच्या चळवळीला आर्थिक पाया लागतो, हे समाजशास्त्रातील विधान येथे डोळ्यांनी दिसते.

१९७० च्या दशकात याच स्त्रियांनी दारूविरोधात रात्रीची गस्त सुरू केली. त्यांना ‘निशाबंदी’वाल्या म्हणत. १९८० नंतर धरपकड आणि झडत्या वाढल्या, तेव्हा या गस्तीचे रूपांतर ‘मैरा पाइबी’त, म्हणजे मशालधारी स्त्रियांत झाले. वस्तीत जवान आले की विजेच्या खांबावर दगड आपटून इशारा द्यायचा, मशाली घेऊन गोळा व्हायचे आणि नेल्या जाणाऱ्या तरुणाची चौकशी करायची, ही त्यांची पद्धत.

कांगला, २००४

२ नोव्हेंबर २००० रोजी इंफाळजवळच्या मालोम येथे बसथांब्यावरील १० नागरिक सुरक्षा दलाच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर इरोम शर्मिला यांनी ‘अफ्स्पा’ रद्द करण्यासाठी उपोषण सुरू केले. आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लावून त्यांना कोठडीत ठेवले गेले आणि नाकातून नळीवाटे अन्न दिले गेले. ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १६ वर्षे हे चालले.

जुलै २००४ मध्ये आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजाम मनोरमा यांना रात्री घरातून अटक करून नेले. ११ जुलैला त्यांचा मृतदेह सापडला. १५ जुलै रोजी १२ प्रौढ स्त्रिया आसाम रायफल्सच्या तळासमोर, कांगला किल्ल्याच्या दरवाजाशी गेल्या आणि त्यांनी विवस्त्र होऊन निषेध केला. स्त्रीचे शरीर ही समाजाची अब्रू, ही समजूतच त्यांनी उलटवली. लाज वाटायची असेल तर ती अत्याचार करणाऱ्याला वाटू दे, असे त्यांचे म्हणणे होते.

परिणाम झाला. ऑगस्टमध्ये इंफाळ नगरपालिका क्षेत्रातून ‘अफ्स्पा’ उठला. नोव्हेंबरमध्ये कांगला किल्ला राज्य सरकारच्या ताब्यात आला. केंद्राने न्यायमूर्ती जीवन रेड्डी समिती नेमली आणि तिने २००५ मध्ये कायदा रद्द करण्याची शिफारस केली. ती शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. २०१३ च्या न्यायमूर्ती वर्मा समितीने लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या जवानांवर सामान्य फौजदारी कायद्यानेच खटला चालावा असे सुचवले. कलम ६ तरीही तसेच राहिले.

न्यायालयातली लढाई

मोर्च्यांपेक्षा कमी चर्चा झालेले पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम पुढचे आहे. बनावट चकमकींत मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी, ज्यांत तरुण विधवा पुढे होत्या, २००९ मध्ये एक संघटना उभी केली. त्यांनी एकेक प्रकरण नोंदवले आणि २०१२ मध्ये १५२८ मृत्यूंची यादी सर्वोच्च न्यायालयात नेली. ८ जुलै २०१६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अशांत क्षेत्रातही अतिरेकी बळाचा वापर चालणार नाही आणि अशा आरोपांची चौकशी झालीच पाहिजे. जुलै २०१७ मध्ये सीबीआयच्या विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश झाला.

मृताचे नाव, तारीख, ठिकाण, साक्षीदार, कागद. एवढ्या साध्या साधनांनी या स्त्रियांनी ‘दहशतवादी मारला’ या एका ओळीला आव्हान दिले. आपल्याकडे अत्याचाराच्या प्रकरणात तथ्यशोधनाला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा अनुभव मुद्दाम अभ्यासावा.

नागालँड : आई म्हणून मान, नगरसेविका म्हणून नकार

१४ फेब्रुवारी १९८४ रोजी कोहिमा येथे नागा मदर्स असोसिएशन स्थापन झाली. सुरुवातीचे काम दारू आणि अमली पदार्थांविरुद्ध होते. नागा गट आपापसांत एकमेकांची माणसे मारू लागले, तेव्हा १९९४ मध्ये या आयांनी ‘आता रक्त सांडू नका’ ही मोहीम काढली. त्या सशस्त्र गटांच्या तळांवर गेल्या आणि नेत्यांशी बोलल्या. बेवारस मृतदेहांना त्यांनी सन्मानाने निरोप दिला. संस्थापकांपैकी नेइडोनुओ अंगामी यांना २००० मध्ये पद्मश्री मिळाली.

एवढा मान असूनही निर्णयाच्या जागी त्यांना स्थान मिळाले नाही. ३ ऑगस्ट २०१५ च्या केंद्र-नागा आराखडा करारावर सह्या करणारे सर्व प्रतिनिधी पुरुष होते. संविधानाच्या कलम २४३-टी नुसार नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. नागालँडमध्ये अनेक आदिवासी पुरुष संघटनांनी कलम ३७१-ए चा आधार घेऊन याला विरोध केला. हे कलम नागांच्या रूढी आणि परंपरागत कायद्याला संरक्षण देते आणि आमच्या रूढीत स्त्रीला राज्यकारभारात जागा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१७ च्या सुरुवातीला निवडणुकीची तयारी झाली तेव्हा दंगल उसळली, दिमापूरमध्ये दोन तरुण मारले गेले, कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळली गेली आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

नागा स्त्रियांनी सर्वोच्च न्यायालयातला पाठपुरावा सोडला नाही. अखेर २६ जून २०२४ रोजी ३३ टक्के आरक्षणासह निवडणूक झाली. तब्बल २० वर्षांनी झालेली ही नगरपालिका निवडणूक. अध्यक्षपदाचे आरक्षण मात्र नव्या कायद्यातून वगळले गेले. विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया, हेकानी जखालू आणि सालहौतुओनुओ क्रुसे, निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्य झाल्यावर ६० वर्षांनी.

मणिपुरातही चित्र फार वेगळे नाही. उपोषण सोडून इरोम शर्मिला २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत उतरल्या. त्यांना ९० मते मिळाली. त्याग करणारी स्त्री समाजाला चालते. सत्तेत वाटा मागणारी चालत नाही. रूढी की समान हक्क, हा प्रश्न हिंदू कोड बिलाच्या वेळी बाबासाहेबांसमोरही उभा होता, म्हणून आपल्या वाचकांना तो परका वाटू नये.

मे २०२३ : मशाल कोणासाठी?

मैतेई समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश करण्याच्या प्रश्नावरून ३ मे २०२३ रोजी डोंगराळ जिल्ह्यांत मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी मैतेई व कुकी-झो समाजांत हिंसाचार पेटला. २०० हून अधिक माणसे मारली गेली, सुमारे ६० हजार बेघर झाली. ४ मे रोजी जमावाने कुकी-झो स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. शून्य एफआयआर नोंदला गेला १८ मे रोजी. पहिली अटक झाली ती १९ जुलैला चित्रफीत देशभर पसरल्यावर.

या काळात स्त्रियांची संघटनाही जमातीच्या रेषेवर दुभंगली. मैरा पाइबींनी लष्कराचे रस्ते अडवले. जून २०२३ मध्ये स्त्रियांच्या पुढाकाराने जमलेल्या जमावामुळे लष्कराला पकडलेले १२ सशस्त्र लोक सोडावे लागले. कुकी-झो स्त्रियांनीही आपल्या भागात रस्ते रोखले. काही पीडित स्त्रियांनी तर मैतेई स्त्रियांनीच आपल्याला हल्लेखोरांच्या हाती दिल्याचा आरोप केला. मैतेई स्त्रियाही सुटल्या नाहीत. चुराचांदपूरमधील सामूहिक अत्याचाराची तक्रार एका मैतेई स्त्रीने तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिरीबाममध्ये आधी एका हमार स्त्रीला मारण्यात आले. काही दिवसांतच तीन मैतेई स्त्रिया आणि तीन मुले पळवून नेऊन मारली गेली.

यावरून मैरा पाइबींचे आधीचे सगळे काम खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. ‘आई’ म्हणून केलेली चळवळ जोवर ‘आपल्या’ मुलांपुरती असते, तोवर ती दुसऱ्या वस्तीतल्या आईला संरक्षण देत नाही. स्त्रिया स्वभावतःच शांतताप्रिय असतात हा समजही येथे टिकत नाही. शांततेची बाजू विचार करून घ्यावी लागते, आणि स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून ती टिकवावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती पुनर्वसनासाठी नेमली. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसाळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्ता पडसलगीकर यांची नेमणूक झाली.

ठराव १३२५ आणि भारत

३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ एकमताने मंजूर केला. संघर्षात स्त्रियांचे संरक्षण करा, आणि शांतता वाटाघाटींत व पुनर्उभारणीत त्यांना बरोबरीने सामील करून घ्या, हा त्याचा गाभा. अनेक देशांनी त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडे केले. भारताने २००७ मध्ये लायबेरियाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेतील पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी पाठवून जगात नाव मिळवले. स्वतःच्या देशातील संघर्षग्रस्त भागांसाठी मात्र असा आराखडा केला नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रात काम करताना पाहतो की दूरच्या प्रश्नावर लोक निषेधाची पोस्ट टाकतात आणि थांबतात. त्यापुढे करण्यासारखे बरेच आहे.

१. अत्याचाराची चित्रफीत पुढे पाठवू नका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे.

२. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. वस्तीतल्या प्रत्येक महिला मंडळाला ती माहीत असली पाहिजे.

३. आपल्या तथ्यशोधन समितीत, तडजोडीच्या बैठकीत आणि विहाराच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती, हे मोजा. त्या निर्णय घेतात की फक्त सही करतात, हेही पाहा.

४. पुणे-मुंबईत शिकणाऱ्या ईशान्येच्या विद्यार्थ्यांना कार्यक्रमांना बोलवा. मैतेई, कुकी-झो आणि नागा, तिन्ही बाजू ऐका. एकाच बाजूचे ऐकून ठराव करू नका.

५. दंगल झालीच तर दुसऱ्या समाजातील स्त्रीला आपल्या वस्तीत आसरा मिळेल का, हा प्रश्न शांततेच्या काळातच बैठकीत विचारा. मणिपुरात तो विचारायला उशीर झाला.