डबा लपवावा, पण कुठवर? छतावरच्या दोन पाहुण्यांचा इतिहास

मागे एका भागात आपण घरात वीज आली तेव्हाच्या गोष्टी केल्या होत्या. लाकडी पट्ट्यांवरून भिंतभर फिरणाऱ्या तारा, काळी गोल बटणं. त्या तारांची तेव्हा कुणाला लाज नव्हती, उलट वीज आलीय हे पाहुण्यांना दिसलंच पाहिजे! पुढे तारा प्लास्टरच्या आत गेल्या आणि आता कुठलीही नवी वस्तू आणली की पहिला प्रश्न येतो, "हे न दिसेल असं बसवता येईल का?" या महिन्यात दोन श्रोत्यांनी तेच विचारलंय. पुण्याच्या एका ताईंना वायफायचा राउटर लपवायचाय, लंडनजवळ राहणाऱ्या एका दादांना स्मोक अलार्म. दोघांचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे, आणि गंमत म्हणजे एका टप्प्यावर ते एकाच संस्थेच्या दारात जाऊन पोचतं.

आधी धूर. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर येगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. वायू सोडला, काटा हलेना. वैतागून त्यांनी सिगरेट पेटवली, आणि काटा हलला. अशी ती कथा सांगतात. तत्त्व सोपं आहे: दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी बारीक वीजप्रवाह चालू ठेवायचा, धुराचे कण आत शिरले की तो मंदावतो. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ड्वेन पिअरसॉल यांनी बॅटरीवर चालणारा घरगुती अलार्म बनवला. त्यांच्याही गोष्टीत एक सिगरेट आहे. या शोधाच्या इतिहासात तंबाखूनं केलेलं हे बहुधा एकमेव पुण्यकर्म!

पण या डब्याची एक अट होती, अजूनही आहे. धूर त्याच्यापर्यंत आला पाहिजे. म्हणून तो छताच्या मध्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांत खुपेल असा. कोपऱ्यात सरकवला तर भिंत आणि छत मिळतात तिथे हवा फारशी हलत नाही, धूर उशिरा पोचतो. ब्रिटनमध्ये भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर अंतर ठेवायला सांगतात ते यासाठीच.

आता ऑस्ट्रेलिया. १९७० च्या आसपास तिथल्या सरकारी विज्ञानसंस्थेत, सीएसआयआरओमध्ये, वणव्याच्या धुराचा अभ्यास चालू होता. त्यांचं उपकरण कवडशासारखं होतं. कवडशात धूळ चमकते ना, तसं प्रकाशाच्या झोतात हवा ओढायची आणि धुराचे कण किती चमकतात ते मोजायचं. त्याच सुमारास तिथल्या टपाल-तार खात्याला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आगींची काळजी होती. बाजारातले अलार्म तपासताना लक्षात आलं की हे वणव्याचं उपकरणच त्या सगळ्यांपेक्षा आधी धूर पकडतंय. त्यातून हवा ओढून तपासणारी यंत्रणा तयार झाली.

लपवण्याच्या दृष्टीनं खरी क्रांती ही. आता धुराची वाट बघायची नाही, यंत्रच हवा ओढून आणतं. डबा कपाटात, नळ्या छताच्या वर आणि खोलीत दिसतं ते फक्त काही मिलिमीटरचं भोक. युरोपातल्या जुन्या महालांत, चर्चमध्ये ते छताच्या नक्षीत हरवून जातं. रंगवलेल्या छतावर पांढरा प्लास्टिकचा डबा ठोकायला कोण धजेल?

मात्र १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामला धूर पकडला गेला, अलार्म वाजला, पण संदेश इतका सांकेतिक होता की रखवालदार भलत्याच माळ्यावर गेला. सुमारे अर्धा तास हातचा गेला. डोळ्यांआड असलेल्या यंत्राला निदान स्पष्ट बोलता तरी आलं पाहिजे, असं मला वाटतं.

हीच सीएसआयआरओ वायफायच्या गोष्टीतही आहे. १९७० च्या दशकात जॉन ओ'सलिव्हन हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत. विस्कटलेला संकेत पुन्हा जुळवायचं गणित मात्र हाती राहिलं. पुढे सीएसआयआरओत त्यांच्या गटासमोर घरातला प्रश्न आला. सभागृहात टाळी वाजवली की चार भिंतींवरून चार प्रतिध्वनी येतात, तसंच रेडिओलहरींचं होतं आणि सगळं एकमेकांत मिसळतं. त्यांनी ते सोडवलं, १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि पुढे कंपन्यांकडून संस्थेला ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. वायफाय एकट्या त्यांनी शोधलं असं नाही, पण भिंतींचा प्रश्न सोडवणाऱ्यांत ते पुढे होते.

तेव्हा ताई, राउटर भिंतींशी जमवून घेतो. प्लायवूड, जिप्सम, पीओपी यातून तो बोलतो. लोखंडी कपाट, आरसा, फिशटँक आणि सळयांनी भरलेली कॉलमची भिंत यांच्याशी त्याचं जमत नाही. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर प्लास्टरखाली जी कोंबडीजाळी मारतात, तीही आडवी येते. टीव्हीमागे, सेट-टॉप बॉक्सच्या बाजूला कोंबायचा हा आपला राष्ट्रीय छंद आहे, पण टीव्हीची पाठही बहुतेकदा धातूचीच. शिवाय बंद खणात तो तापतो. लाकडी जाळीचं दार करा, चालेल.

दादा, तुमचं उत्तर जरा कडक आहे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर स्मोक अलार्म २०१५ पासून सक्तीचा आहे. फोडणी दिली की तो बोंबलतो, मग कुणी पंचा हलवतं, कुणी त्याला चक्क शॉवर कॅप घालतं. हे लपवणं नव्हे, हे त्याचं तोंड दाबणं. आग रात्री झोपेत लागली तर ती कॅप कोण काढणार? त्यावर रंग मारू नका, पीओपीच्या खाचेत बसवू नका. स्वयंपाकघरात घरमालकाला सांगून उष्णता ओळखणारा अलार्म लावता येतो, तो फोडणीच्या धुराला दचकत नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये प्रकाशावर चालणारा घ्या, येगरवाल्या जातीपेक्षा तो तव्याच्या धुराला कमी भुलतो. आणि दहा वर्षं झाली की बदला. आतल्या अमेरिसियमचं अर्धायुष्य चारशे वर्षांहून जास्त असलं तरी बाकीचा डबा तितका टिकत नाही.

तारा मात्र दोघांनीही खुशाल लपवा. पीओपीवाला येण्याआधी छताच्या मध्यापर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या, आत ओढायची दोरी सोडून ठेवा. पीओपी झाल्यावर इलेक्ट्रिशियन आला, तर तो आधी छिन्नी-हातोडाच काढतो.