मातृत्व लाभ अधिनियम, १९६१

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ हा नोकरी करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतिकाळात भरपगारी रजा, नोकरीचे संरक्षण आणि तान्ह्या मुलाच्या संगोपनासाठी सवलती देणारा, २०२५ पर्यंत लागू असलेला भारतीय संसदेचा कायदा होता. त्याला प्रसूती लाभ कायदा असेही म्हटले जाते. १२ डिसेंबर १९६१ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने रजेची कमाल मुदत १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजाकाळातील वेतनाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न अशा कायद्यांच्या सुरुवातीपासून चर्चेत आहे.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मधील आपल्या पहिल्याच अधिवेशनात मातृत्व संरक्षणाचा करार स्वीकारला. भारतात या विषयावरील पहिला कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत असत. १९२८ मध्ये हे विधेयक मुंबई विधान परिषदेत चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. मात्र स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकालाही होत असल्यामुळे त्याच्यावर काही दायित्व टाकणे न्याय्य आहे, असेही त्यांनी मांडले.

पुढे इतर प्रांतांनी स्वतंत्र कायदे केले. खाणकामगार स्त्रियांसाठी १९४१ मध्ये केंद्रीय कायदा झाला, तर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमात विमाधारक स्त्रियांसाठी मातृत्व लाभाची तरतूद झाली. प्रांतोप्रांतीच्या नियमांतील तफावत दूर करण्यासाठी १९६१ चा अधिनियम संमत करण्यात आला.

व्याप्ती आणि पात्रता

कारखाने, खाणी, मळे आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांना अधिनियमाच्या तरतुदी लागू होत असत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेली स्त्री लाभास पात्र ठरत असे. १९८८ च्या दुरुस्तीपूर्वी ही अट १६० दिवसांची होती.

प्रमुख तरतुदी

- पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा. त्यापैकी कमाल ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत असत.
- दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास १२ आठवडे.
- तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या मातेस १२ आठवडे. सरोगसीद्वारे अपत्य मिळवणाऱ्या, स्वतःचे बीजांड दिलेल्या मातेसही तितकीच रजा.
- गर्भपात झाल्यास ६ आठवडे.
- मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन विश्रांती.
- ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि मातेला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा.
- कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची सवलत.

प्रसूतीनंतरच्या ६ आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई होती. या कायद्याखालील गैरहजेरीच्या काळात तिला कामावरून काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिला अहितकारक ठरतील अशा बदलणे बेकायदेशीर ठरत असे.

न्यायालयीन निर्णय

दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मातृत्व लाभ केवळ कायम कर्मचाऱ्यांपुरता मर्यादित नसल्याचा निर्णय दिला. कराराची मुदत रजेच्या काळात संपली तरी पूर्ण लाभ देय राहतो, असे न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

खर्चाचा प्रश्न आणि टीका

अधिनियमानुसार रजाकाळातील वेतन मालकाने द्यावयाचे असे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मात्र ते मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून दिले जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० चा करार किमान १४ आठवड्यांच्या रजेची अपेक्षा करतो. तसेच हा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, असे सुचवतो. रजेच्या मुदतीत भारतीय कायदा या अपेक्षेच्या पुढे आहे, परंतु खर्चाच्या विभागणीत त्याने वेगळा मार्ग स्वीकारला आहे.

यामुळे विशेषतः लहान आस्थापना तरुण स्त्रियांना नोकरी देणे टाळतील, अशी टीका २०१७ च्या दुरुस्तीनंतर झाली. पाळणाघरासाठी मोजली जाणारी संख्या सर्व कर्मचाऱ्यांची असल्याने त्या तरतुदीत केवळ स्त्रियांची संख्या कमी ठेवून मालकाची जबाबदारी टळत नाही. रजेच्या वेतनाबाबत असा समतोल साधलेला नाही. पित्यासाठी या अधिनियमात रजेची तरतूद नव्हती. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र सेवानियमांनुसार १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. संगोपनाची रजा केवळ स्त्रीशी जोडली गेल्याने तिच्या नेमणुकीचा खर्च अधिक दिसतो, असा आक्षेपही घेतला जातो.

शेतमजूर, घरकामगार अशा असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रिया या कायद्याच्या प्रत्यक्ष कक्षेबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेसारख्या शासकीय योजनांतून रोख साहाय्य दिले जाते.

सामाजिक सुरक्षा संहिता

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या अधिनियमासह ९ केंद्रीय कायदे एकत्र करण्यात आले. मातृत्व लाभाच्या तरतुदी संहितेच्या सहाव्या प्रकरणात असून २६ आठवड्यांची रजा आणि वेतनाबाबतचे मालकाचे दायित्व त्यात कायम ठेवण्यात आले आहे.