स्पोर्ट्‌स कारला कोणते पेट्रोल? ऑक्टेनच्या आकड्यामागचे गणित

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंग हे बाजाराचे गाव. सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात जमिनीलगत बसलेली, रुंद टायरांची परदेशी स्पोर्ट्‌स कार थांबली, तर पाच मिनिटांत तिच्याभोवती गर्दी जमणार हे ओघानेच आले. तथापि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. तो वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या महागड्या गाड्या या भागातून धावणे हे नवल राहिलेले नाही. महामार्ग सोडून वाशिम, अनसिंग, पुसद असा प्रवास करणाऱ्या अशा गाडीच्या मालकापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो पंपावर. मुंबईत तो १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरत असेल. येथे मात्र सहसा साधे पेट्रोल आणि डिझेल एवढेच मिळते. ते भरावे की भरू नये?

या प्रश्नाचे उत्तर इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर लिहिलेले असते. दुर्दैवाने ती पट्टी वाचणारे थोडे आणि ती बरोबर वाचणारे त्याहून थोडे.

ऑक्टेनविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा, की मोठ्या आकड्याच्या पेट्रोलमध्ये अधिक ताकद असते. तसे नाही. ९१ ऑक्टेनचे आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल जाळून मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. ऑक्टेन हा ताकदीचा नव्हे, तर सहनशक्तीचा आकडा आहे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते, तेव्हा ते तापते. ठिणगी पडण्याची वाट पाहत ते किती दाब आणि किती उष्णता निमूटपणे सोसते, हे ऑक्टेन क्रमांक सांगतो.

मिश्रणाला हे सोसले नाही तर काय होते? स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाला सिलिंडरमध्ये पसरत असतानाच दूरच्या कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर ऐकू येतो तो धातूवर धातू ठोकल्यासारखा किणकिणाट. गॅरेजच्या भाषेत याला ‘इंजिन नॉक करते’ असे म्हणतात. जुन्या गाडीत चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की हा आवाज येई आणि चालक मुकाट्याने गिअर उतरवी. स्पोर्ट्‌स कारमध्ये हीच गोष्ट प्रचंड वेगाने आणि प्रचंड दाबाखाली घडते. ती सतत घडत राहिली, तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जाते. अशा इंजिनाची दुरुस्ती काही लाखांच्या घरात जाते, हे वेगळे सांगायला नको.

पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या जमान्यात इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ७ ते ८ च्या घरात असे, म्हणजे आत घेतलेले मिश्रण सात-आठ पट दाबले जाई. फेरारी ४५८ इटालियामध्ये हे गुणोत्तर १२.५, लॅम्बोर्गिनी हुराकानमध्ये १२.७, तर पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीत १३.३ आहे. उलट टर्बोचार्जर असलेल्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये ते ९ च्याही खाली आहे. म्हणून तिला साधे पेट्रोल चालेल असे कोणी समजेल, तर ती फसगत ठरेल. कारण टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो आणि कागदावरचे छोटे गुणोत्तर प्रत्यक्षात फार मोठे होते. अशा गाड्यांसाठी निर्मात्यांची शिफारस साधारणतः ९८ ऑक्टेनची, तर किमान मर्यादा बहुधा ९५ ची असते. ‘शिफारस’ आणि ‘किमान’ हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि सगळे मर्म तेथेच आहे.

आजच्या इंजिनांत नॉकिंगचा कंप ओळखणारे सेन्सर असतात. कंप जाणवताच संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. त्यामुळे ९८ ची शिफारस असलेल्या गाडीत ९५ चे पेट्रोल भरले, तर इंजिन बिघडत नाही. ताकद थोडी कमी होते, इंधन थोडे अधिक लागते. मात्र या संगणकालाही मर्यादा आहेत. किमान आकड्याच्या खाली गेल्यावर आणि त्यावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर तो प्रत्येक वेळी सावरून घेईलच याची हमी कोणताही निर्माता देत नाही. उलट ज्या गाडीला ९१ पुरते, तिच्यात १०० भरून काही विशेष साधत नाही. घरच्या हॅचबॅकला सणासुदीला १०० ऑक्टेन पाजणारे हौशी मालक आहेत. त्यांचे समाधान खरे, पण इंजिनाला त्याचा पत्ता नसतो.

आकड्यांची आणखी एक गफलत आहे, आणि ती महागात पडू शकते. भारतात व युरोपात पंपावर लिहिला जातो तो ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’, म्हणजे ‘रॉन’. प्रयोगशाळेतील इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून तो मोजतात. दुसरा ‘मोटर ऑक्टेन नंबर’ ९०० फेऱ्यांवर आणि अधिक तापलेल्या मिश्रणावर मोजला जातो. तो नेहमी लहान येतो. अमेरिकेत या दोहोंची सरासरी पंपावर लावतात. परिणामी अमेरिकेतील ९१ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९५-९६ आणि तेथील ९३ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९८. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीच्या झाकणावर ‘किमान ९१’ असे वाचून भारतातील ९१ चे पेट्रोल निर्धास्तपणे भरणारा मालक प्रत्यक्षात चार-पाच अंक खाली उतरलेला असतो. अमेरिकी माहितीपुस्तिका वाचून मस्टँगसारख्या गाडीचे इंधन ठरवणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

ऑक्टेनच्या मोजपट्टीला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य असे गुण देऊन ती तयार झाली. त्याआधी, १९२१ मध्ये, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग रोखण्याची युक्ती शोधली होती. स्वस्त ऑक्टेनची ती किंमत जगाने अनेक दशके हवेतील शिशाच्या रूपाने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. आता ऑक्टेन वाढवायचा तर तेलशुद्धीकरण कारखान्यातच रेणूंची रचना बदलावी लागते. चढ्या आकड्याचे पेट्रोल महाग का, याचे एक कारण हेही आहे.

भारतात भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड ९७’ आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचे ‘पॉवर ९९’ आधी आले. इंडियन ऑइलने ‘एक्सपी १००’ हे पेट्रोल १ डिसेंबर २०२० रोजी निवडक दहा शहरांत आणले. महाराष्ट्रातील मुंबई आणि पुणे त्यांत होती. मथुरा येथील कारखान्यात ते बनते. योगायोग असा, की त्याच्या अवघा महिनाभर आधी मर्सिडीजने पुण्याजवळच्या चाकण प्रकल्पात भारतात जुळवलेली पहिली एएमजी गाडी बाजारात आणली होती. १०० ऑक्टेनचा दर पुढे साध्या पेट्रोलच्या सुमारे दीडपट झाला. अर्थात ज्याच्या गाडीला त्याची गरज आहे, त्याला टायरच्या एका जोडीपुढे हा फरक किरकोळच वाटेल.

आता अनसिंगच्या पंपावरील प्रश्नाकडे येऊ. साधे पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, बीएस-२ च्या काळातील ८८ ऑक्टेन बीएस-४ मध्ये ९१ वर आणि बीएस-६ मध्ये ९५ वर नेण्यात आले. याचे बरेचसे श्रेय २० टक्के इथेनॉल मिश्रणाला आहे. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८ आहे. म्हणजे किमान ९५ मागणारी गाडी आकड्याच्या दृष्टीने आडगावच्या पंपावरही अडून राहू नये.

पण आकडा जुळला म्हणजे इंधन जुळले असे नव्हे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते; त्यामुळे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांचे सुटे भाग अशा मिश्रणाला जुळणारे असण्याची सुरुवात एप्रिल २०२३ पासून झाली. त्याआधीच्या अनेक आयात स्पोर्ट्‌स कारच्या झाकणावर १० टक्के इथेनॉलचीच मर्यादा लिहिलेली आढळते. एखादी टाकी भरल्याने त्यांचे रबरी नळ आणि सील लगेच जातील असे नाही. दीर्घकाळच्या वापराबाबत मात्र पुस्तिकेतील मर्यादा पाळणेच शहाणपणाचे. ‘एक्सपी १००’ मध्ये इथेनॉल नसते. जुन्या गाड्यांचे अनेक मालक ते निवडतात, ते ऑक्टेनपेक्षा याच कारणासाठी.

विदर्भाचा उन्हाळा हा या हिशेबातील आणखी एक घटक आहे. बाहेर ४४-४५ अंश तापमान असताना इंजिनात जाणारी हवाच तापलेली असते आणि नॉकिंगची शक्यता वाढते. जानेवारीत पुण्यात विनातक्रार चाललेले पेट्रोल मे महिन्यात समृद्धीवर सेन्सरला कामाला लावू शकते. अशा वेळी कमी आकड्याचे इंधन भरणे भाग पडले, तर टाकी अर्धी रिकामी होण्याची वाट न पाहता आधीच्या चांगल्या पेट्रोलमध्ये ते मिसळावे. मिश्रणाचा ऑक्टेन ढोबळमानाने सरासरीइतका येतो. अर्धी टाकी १०० आणि अर्धी ९५ असल्यास सुमारे ९७-९८. त्यानंतर पुढच्या भरणीपर्यंत कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये जोर लावणे टाळावे. टर्बो इंजिनांवर सर्वाधिक ताण तेव्हाच येतो. समृद्धीवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा आहेच. ती पाळली, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

बाटलीतील ‘ऑक्टेन बूस्टर’ खरेदी करताना त्यावरील ‘पॉइंट’ हा शब्द तपासावा. बहुतेकदा दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक अंक; ‘३० पॉइंट वाढ’ याचा अर्थ ९५ चे १२५ नव्हे, तर ९८, आणि तेही छोट्या टाकीत.

भेसळीचा धोका मात्र कोणत्याही बाटलीने टळत नाही. रॉकेलचा ऑक्टेन अत्यंत कमी असतो आणि पेट्रोलमध्ये ते थोडे मिसळले तरी नॉकिंग सुरू होते. महाराष्ट्रात या धंद्याची पाळेमुळे किती खोल होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे दिसले. तेलमाफियांना रोखण्यासाठी गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची नोंद मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. या दोन्हींतून ऑक्टेन कळत नाही, पण ढोबळ भेसळीचा संशय येऊ शकतो. अनोळखी गावात, ज्या पंपावर दिवसभर गर्दी असते आणि टाक्या वारंवार भरल्या जातात, तो निवडणे केव्हाही बरे.

आणि गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये उभी राहणार असेल, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने भरलेली टाकी तशीच ठेवू नये. मुंबईच्या पावसाळी हवेतील ओलावा इथेनॉल शोषते. पाणी वाढले की इथेनॉल पाण्यासह टाकीच्या तळाशी जाते आणि वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. चार महिन्यांनी पहिल्यांदा सुरू केलेली गाडी नॉक करू लागली, तर मेकॅनिकला आधी टाकी तपासायला सांगावे.