फलनाचा प्रांत
चलाच्या ज्या किमतींसाठी एखादे फलन व्याख्यात असते, त्या सर्व किमतींच्या संचास त्या फलनाचा प्रांत म्हणतात. बीजगणितात फलन पुष्कळदा केवळ सूत्राने दिलेले असते. अशा वेळी ज्या वास्तव संख्यांसाठी सूत्राची वास्तव किंमत मिळते, त्या सर्वांचा संच हा प्रांत मानण्याचा संकेत आहे.

छेद शून्य नसावा व वर्गमुळाखालील राशी ऋण नसावी, या मुख्य अटी होत. उदा., फ(क्ष) = √(५ − क्ष) / (क्ष − २) येथे क्ष ≤ ५ आणि क्ष ≠ २; म्हणून प्रांत (−∞, २) ∪ (२, ५].

प्रांत मूळ सूत्रावरूनच काढावा लागतो, त्याला संक्षिप्त रूप दिल्यानंतर नव्हे. (क्ष² − ४) / (क्ष − २) याचे संक्षिप्त रूप क्ष + २ असले, तरी मूळ फलन क्ष = २ येथे व्याख्यात नाही; त्याच्या आलेखात (२, ४) हा बिंदू गाळलेला असतो. याहून फसवे उदाहरण √क्ष · √(क्ष − ३) हे आहे. त्याचा प्रांत [३, ∞). दोन्ही मुळे एकत्र करून √(क्ष² − ३क्ष) लिहिल्यास मात्र क्ष ≤ ० या किमतीही ग्राह्य ठरतात: क्ष = −१ घेतल्यास या रूपाची किंमत २ येते, तर मूळ रूपात ऋण संख्यांची वर्गमुळे घेण्याचा प्रसंग येतो.

शाब्दिक उदाहरणांत सूत्रही पुरेसे नसते. २० मीटर परिमितीच्या आयताची एक बाजू क्ष मीटर असल्यास क्षेत्रफळ क्ष(१० − क्ष) चौरस मीटर होते. ही बहुपदी सर्व वास्तव संख्यांसाठी व्याख्यात आहे. आयत मात्र ० < क्ष < १० असतानाच संभवतो.