पनवेल लोकलची खापरपणजी

गोवंडी सुटली की हार्बरच्या डब्यात एक गोष्ट न चुकता घडते. खिडकीतून आंबूस, जळकट वास आत येतो आणि चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली बाई मोबाइलवरची नजर न हलवता ओढणीचं टोक नाकाशी धरते. मानखुर्द आलं की टोक खाली. वास देवनारच्या कचराभूमीचा. या मार्गावर नवा आलेला माणूस विचारतो, रेल्वेला रूळ टाकायला कचऱ्याचाच शेजार सापडला का? प्रश्न उलटा आहे. हे रूळ मुळात कचऱ्यासाठीच पडले. माणसं त्यांवर मागाहून चढली.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. रोग पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं, त्यामुळे सरकारचा सारा रोख घाणीवर आणि कोंदट चाळींवर. तोवर मुंबईचा कचरा मुंबईतच जिरवला जाई. महालक्ष्मीच्या बाजूच्या सखल जमिनी त्यानेच भरून काढलेल्या. प्लेगनंतर ते चालण्यासारखं नव्हतं. १८९७ मध्ये पालिकेने शहराबाहेर, चेंबूर-देवनारकडची ८२३ एकर दलदल विकत घेतली आणि जून १८९९ मध्ये कचऱ्याची पहिली गाडी तिकडे निघाली.

कचरा भरायचं ठिकाण महालक्ष्मी. गाड्यांतून आणलेला कचरा तिथे वाघिणींत चढायचा. ('वॅगन'ची वाघीण करणाऱ्या मराठीला इथे मात्र ते नाव फारच भारदस्त पडलं.) मग कुर्ल्याहून खाडीकडे वळणाऱ्या एकेरी रुळावरून गाडी दलदलीत. भरणारे आणि रिकामे करणारे हात कुणाचे, हे वेगळं सांगायला नको. पालिकेच्या दप्तरात ते 'हलालखोर' या नावाने आहेत, आणि त्याच नावाचा कर शहरातल्या घरांवर बसवलेला होता. घरपट्टी, पाणीपट्टी या शब्दांत पट्टी म्हणजे कर. मुंबईकराच्या तोंडी 'कचरापट्टी' म्हणजे मात्र नुसता उकिरडा. कर विसरला, घाण लक्षात राहिली.

मालाच्या मार्गावर माणसं न्यायची म्हणजे नुसता डबा जोडून भागत नाही. कचऱ्याला फलाट लागत नाही, तिकीटखिडकी लागत नाही, आणि तो तासभर उशिरा पोचला म्हणून कुणी लेटमार्क लावत नाही. एकेरी रुळावर समोरून गाडी येत असेल तर मालगाडी बाजूला उभी करून ठेवता येते. नोकरदारांची गाडी रोज तशी उभी केली तर दंगा होईल. पण दलदलीतून रेल्वे नेताना सगळ्यांत जिकिरीचं काम असतं भरावाचं, आणि तो आधीच तयार होता. शहर कुर्ल्याच्या पुढे सरकू लागलं तेव्हा चेंबूरला नवी वाट शोधावी लागली नाही. १९२४ मध्ये कुर्ला-चेंबूर मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने धावली आणि कुर्ल्याला थांबली. चेंबूरच्या वाटेवर इंजिनाचा धूर त्यानंतरही बरीच वर्षं होता. या भागात आणखी एक प्रयोग होऊन गेला: १९२८ मध्ये सुरू झालेली अंधेरी-ट्रॉम्बे सेंट्रल साल्सेट ट्रामवे, जी १९३४ मध्ये गुंडाळली. कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडच्या नावात ती अजून आहे. रिक्षावाल्यांना वाटतं, तो रस्ता व्हीटीला जातो.

कचऱ्याच्या वाटेला मात्र मरण नव्हतं. मानखुर्दच्या पुढे खाडी होती म्हणून ती कित्येक वर्षं तिथेच अडून राहिली. मग पलीकडे नवी मुंबई उभी राहिली. ती वसवणाऱ्या सिडकोने रेल्वेमार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, रेल्वेने उरलेला. खाडीवर पूल झाला आणि १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली, १९९८ मध्ये पनवेलला. गावाबाहेर घाण टाकायला नेलेली वाट नव्या शहराचा राजमार्ग झाली. याचं श्रेय कुणाच्या दूरदृष्टीला द्यावं असं मला वाटत नाही. रूळ होते, म्हणून लोकल आली. दिवा-वसई मार्गावरही मालगाड्या आधी आल्या. फरक इतकाच की तिथे प्रवासी गाड्या आजही बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

देवनारची कचराभूमी १९२७ ची, असं सगळीकडे छापून येतं. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं कचरागाडीबरोबरच विस्मरणात गेली. कचऱ्याचा डोंगर मात्र वाढत राहिला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता.

ट्रॉम्बेचा फाटा आजही मालाचाच आहे. तेलाच्या टाक्या येतात-जातात. महालक्ष्मीहून कचऱ्याची गाडी सुटत नाही, कचरा डंपरने जातो. परवा संध्याकाळी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर तसे चार-पाच डंपर एकामागे एक सिग्नलला अडकलेले पाहिले, ताडपत्रीखालून पाणी गळत. तेवढ्यात गोवंडीकडून लोकलचा भोंगा ऐकू आला. ती वेळेवर होती.