प्लूटोचे चार चिमुकले चंद्र आणि एक महिना टिकलेला अंदाज

मुलांचा सूर्यमालेचा प्रोजेक्ट आला की घरोघरी तोच वाद: आपल्या पुस्तकात ग्रह नऊ, त्यांच्या पुस्तकात आठ. प्लूटो २००६ मध्ये बटुग्रह झाला, एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण खरी गंमत त्याच्या चंद्रांची आहे.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या जेम्स क्रिस्टींना प्लूटोच्या फोटोत एका बाजूला फुगवटा दिसला. तो शॅरन, मोठा चंद्र. धाकटे सापडायला आणखी २७ वर्षं गेली. हबल दुर्बिणीतून २००५ मध्ये निक्स आणि हायड्रा, २०११ मध्ये कर्बेरॉस आणि २०१२ मध्ये स्टिक्स दिसला.

दिसला म्हणजे काय, नुसता ठिपका! मार्क शोवॉल्टर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी ठिपक्यांच्या जागांवरून कक्षा मांडल्या आणि उजेड कसा कमी-जास्त होतो त्यावरून परिवलनाचा हिशेब केला. शॅरनचा व्यास प्लूटोच्या निम्मा. दोघं एकमेकांभोवती फिरतात, त्यामुळे धाकट्यांवरची ओढ सतत बदलते. म्हणून निक्स आणि हायड्रा वेड्यावाकड्या कोलांट्या खात असावेत, असं त्यांनी जून २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. तिथे सूर्य आज इकडून उगवेल, तर पुढे कधी तिकडून!

पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं. (ते निघालं तेव्हा प्लूटो अजून ग्रहच होता, बिचारा.) जवळ येतानाच्या फोटोंत कोलांट्यांचा पत्ता नव्हता. चारही चंद्र भोवऱ्यासारखे नेमाने गरगरत होते, निक्स तर उलट्या दिशेने. कर्बेरॉस कोळशासारखा काळा असेल हा तर्कही पडला. तो बर्फासारखा उजळ आणि अपेक्षेपेक्षा लहान निघाला.

कक्षांचा हिशेब मात्र टिकला. शॅरनची फेरी ६.४ दिवसांची, या चौघांच्या फेऱ्या तिच्या जवळजवळ ३, ४, ५ आणि ६ पट. अगदी तंतोतंत नाही, आणि त्याचं कारण शोधणं अजून चालू आहे.

मुलांना परिवलन आणि परिभ्रमण यांत गोंधळ होत असेल तर हायड्रा घ्या. प्लूटोभोवती फेरी ३८ दिवसांची, स्वतःभोवती गिरकी सुमारे १० तासांची. एका फेरीत गिरक्या किती? करू दे त्यांना भागाकार, आणि तोही मराठीत. उत्तर नव्वदच्या आसपास यायला हवं.