अंश, कला आणि दशांश : पंचांगातील व नकाशातील बिंदूविषयी

हुबळी-धारवाड परिसरातील मराठी घरांतून बहुधा मुंबई, पुणे वा सोलापूर येथे सिद्ध झालेले पंचांग वापरले जाते, आणि परगावाहून दर्शनास येणारा भाविक अलीकडे मोबाइलवरील नकाशा पाहून देवस्थानाची वाट शोधतो. या दोन्ही ठिकाणी एकच लहानसे चिन्ह घोटाळा करीत असते. ते म्हणजे दोन आकड्यांमधील बिंदू. पंचांगात वा जुन्या कागदपत्रांत तो बिंदू एक अर्थ सांगतो आणि मोबाइलवर निराळाच. हा भेद भाविकांच्या व सभासदांच्या ध्यानी यावा, या हेतूने सदर लेख येथे देत आहोत.

मराठी लेखनात आपण ‘सकाळी ९.३०’ असे लिहितो, तेव्हा नऊ तास आणि तीस मिनिटे असाच अर्थ सर्वजण घेतात. नऊ आणि तीन दशांश असा अर्थ कोणीही घेत नाही. तेथील बिंदू हा केवळ दोन परिमाणे वेगळी ठेवणारा आहे. पंचांगकर्ते घटी-पळे आणि अंश-कला याच रीतीने छापत आले. मात्र संगणकास व मोबाइलला बिंदू दिसला की तो दशांशचिन्हच समजतो. ‘१५.२१’ ही अक्षरे कागदावर १५ अंश २१ कला असतील, तर यंत्राच्या लेखी ती १५ अंश आणि एका अंशाचे शंभरातील २१ भाग होतात. दोन्ही वाचने आपापल्या जागी बरोबर आहेत. अनर्थ होतो तो एका जागचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा उतरविल्याने.

पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. शाळेच्या भूगोलात कलेला मिनिट व विकलेला सेकंद म्हणतात, वस्तू एकच. शंभर सोडून साठ ही संख्या का धरली, याचे उत्तर तिच्या भाज्यतेत आहे. साठास २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० व ३० या सर्वांनी पूर्ण भाग जातो, म्हणून अपूर्णांकांविना गणित चालते. नक्षत्राचे मान १३ अंश २० कला किंवा चरणाचे ३ अंश २० कला हे कलांत नेमके मांडता येते, दशांशात मात्र १३.३३३३… असे न संपणारे शेपूट लागते. तेव्हा जुनी रीत अडाणीपणाची आणि नवी शास्त्रीय, असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही.

आता आपल्याच शहराचे उदाहरण घेऊ. हुबळीच्या (२०१४ पासून शासकीय नाव हुब्बळ्ळी, मराठीत आपण हुबळीच म्हणतो) मध्यभागातील एक बिंदू १५ अंश २१ कला ५४ विकला उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ७ कला ३० विकला पूर्व रेखांश असा आहे. दशांशात आणताना उजवीकडून आरंभ करावा. ५४ विकलांस ६० ने भागले की ०.९ कला येतात. त्या २१ कलांत मिळविल्या की २१.९, त्यांस पुन्हा ६० ने भागले की ०.३६५ अंश, म्हणून अक्षांश १५.३६५. तसेच ३० विकला म्हणजे ०.५ कला, ७.५ कला म्हणजे ०.१२५ अंश, म्हणून रेखांश ७५.१२५. उलट जाताना बिंदूनंतरच्या भागास ६० ने गुणावे. पूर्णांक येतो त्या कला, उरलेल्या अपूर्णांकास पुन्हा ६० ने गुणले की विकला.

हा भागाकार न करता कोणी १५.२१५४ आणि ७५.०७३० असे आकडे यंत्रात घातले, तर काय होईल? अक्षांश सुमारे ०.१५ अंशाने कमी पडेल, म्हणजे दाखविलेली जागा साडेसोळा किलोमीटर दक्षिणेस जाईल. रेखांशातील चुकीने ती आणखी साडेपाच किलोमीटर पश्चिमेस सरकेल. एकूण अंतर सतरा किलोमीटरांहून अधिक. हुबळीहून धारवाड सुमारे वीस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीचा आकार कळतो. रात्रीच्या वेळी वृद्ध मंडळींना घेऊन येणारी गाडी शहराबाहेरच्या शेतशिवारात जाऊन उभी राहील, आणि नकाशा मात्र ‘आपण पोहोचलात’ असे खात्रीने सांगेल. धारवाडचे रेखांश जवळजवळ बरोबर ७५ अंश असल्याने तेथे रेखांशाची चूक नाममात्र होते, पण अक्षांश १५ अंश २७ कला हे १५.२७ म्हणून घातले तर वीस किलोमीटर दक्षिणेस जावे लागते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी लेखनपद्धतीही आहे. दिशादर्शक यंत्रांवर १५ अंश २१.९ कला असे, म्हणजे अंश पूर्ण आणि कला दशांशात, पुष्कळदा दिसते. येथील ‘.९’ म्हणजे ९ विकला नव्हेत, ५४ विकला होत. अंश, कला व विकला यांची चिन्हे (°, ′, ″) आकड्यासोबत असल्याखेरीज तो उतरवून घेऊ नये, हे बरे.

ग्रहांच्या स्थितीचे कोष्टक वाचताना यात राशीची भर पडते. तेथे ३|१२|४५|२० असे लिहिलेले आढळते. पहिला आकडा उलटून गेलेल्या राशींचा असतो. तीन राशी संपून चौथी, म्हणजे कर्क, चालू आहे. प्रत्येक राशीचे ३० अंश धरून ९० आणि १२ मिळून १०२ अंश ४५ कला २० विकला. याच्या कला केल्यास ६१६५ व वर २० विकला. नक्षत्राचे मान ८०० कला. भागाकार सात पूर्ण व ५६५ कला शेष. म्हणजे पुनर्वसूपर्यंत सात नक्षत्रे संपली, आठवे पुष्य चालू. चरणाच्या २०० कला, म्हणून ५६५ कलांवर तिसरा चरण. येथे नक्षत्राचे मान १३.२० असे यंत्रात घालणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांनी सत्तावीसने गुणून पाहावे, ३५६.४ येतात, ३६० येत नाहीत. उरलेले ३.६ अंश एका चरणाहूनही अधिक आहेत, आणि रेवतीच्या शेवटी जन्मलेल्याला मग नक्षत्रच उरत नाही.

कोन व काळ यांचे नाते पंचांगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पृथ्वी ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणून एका अंशास ४ मिनिटे, एका कलेस ४ सेकंद. जुन्या मानाने अहोरात्राच्या ६० घटी, घटीची ६० पळे. म्हणून एका अंशास १० पळे, एक घटी म्हणजे २४ मिनिटे आणि ६ अंश. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशावर बसविलेली आहे. तीतून हुबळीचे ७५ अंश ७ कला ३० विकला वजा केले की ७ अंश २२ कला ३० विकला उरतात, त्यांची २९ मिनिटे ३० सेकंद होतात. धारवाडला हेच अंतर जवळजवळ नेमका अर्धा तास. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरच्याही, जन्मटिपणांतील वेळ स्थानिक असण्याचा संभव असतो. जुनी पत्रिका संगणकावर घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून याची विचारपूस करावी. अर्ध्या तासात लग्न सात-आठ अंशांनी पुढे सरकते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती, हेही विसरू नये.

आपल्या प्राचीन ग्रंथांची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला. त्याच्या पश्चिमेस हुबळी अवघ्या साडेअडतीस कला, म्हणजे अडीच मिनिटे वा साडेसहा पळांहून थोडी कमी. दूर दक्षिणेस असूनही आपले गाव त्या रेषेला इतके लगटून आहे, याचे आम्हांस कौतुक वाटते. आकाशाशी जुळणाऱ्या गणिताचा आग्रह धरणारे ज्योतिर्विद वेंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) याच टापूतले. त्यांचा जन्म तत्कालीन धारवाड भागातील व आताच्या गदग जिल्ह्यातील नरगुंद येथील. बागलकोट येथे शिक्षकी पेशा सांभाळून त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ व ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ रचले. पंचांगात दिलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, ही त्यांची कसोटी आजही पंचांगकर्त्यांस मान्य आहे.

संकष्टी चतुर्थीच्या चंद्रोदयासंबंधी भाविक सर्वाधिक विचारणा करतात. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५० कला. हुबळी तिच्या पूर्वेस २ अंश १७ कला ३० विकला. केवळ या देशांतराने चंद्रोदय येथे ९ मिनिटे १० सेकंद आधी व्हावयास हवा. तथापि एवढ्यावर थांबल्यास उत्तर चुकते, कारण मुंबई १९ अंशांवर आणि हुबळी साडेपंधरा अंशांच्या आत. अक्षांशाच्या या फरकातून चरसंस्कार उत्पन्न होतो आणि तो चंद्राच्या क्रांतीप्रमाणे बदलतो. चंद्र उत्तरेस असता तो मुंबईत लवकर उगवतो आणि देशांतराची नऊ मिनिटे जवळजवळ भरून निघतात. दक्षिणेस असता मुंबईत आणखी उशीर होतो. कार्तिक वद्य चतुर्थीस चंद्र उत्तरेकडे असतो, म्हणून दोन गावांचा फरक एक-दोन मिनिटांवर येतो; वैशाख वद्य चतुर्थीस तो दक्षिणेकडे असतो आणि फरक सोळा-सतरा मिनिटांपर्यंत जातो. ‘मुंबईच्या वेळेतून दहा मिनिटे वजा करा’ हा जो ठोकताळा आपल्याकडे चालतो, तो म्हणूनच बारा महिने लागू पडत नाही. मुंबईची वेळ हुबळीत पाळली तर उपवास थोडा लांबेल इतकेच. पण हुबळीची वेळ फोनवरून मुंबईच्या नातलगांस सांगितली, तर चंद्र उगवण्यापूर्वीच पारणे होण्याचा संभव आहे. हुबळी आणि धारवाड यांच्यात मात्र अवघ्या सात कलांचे अंतर, म्हणजे २८ सेकंद. या जुळ्या शहरांसाठी निरनिराळी कोष्टके करण्याचे प्रयोजन नाही.

तिथीचे तसे नव्हे. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रांतील १२ अंशांचे अंतर. ती संपण्याचा क्षण सर्वत्र एकच. पंचांगात तो घड्याळी वेळेने दिला असेल तर हुबळीसाठी त्यात काहीही कमी-अधिक करू नये. घटी-पळांत दिला असेल तर मात्र तो त्या पंचांगाच्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेला असतो आणि तोच सूर्योदय धरावा लागतो. १२ घटी ४५ पळे म्हणजे १२.७५ घटी, २४ ने गुणून ३०६ मिनिटे, अर्थात ५ तास ६ मिनिटे. बिंदूला फसून १२.४५ ने गुणाकार केल्यास ४ तास ५८ मिनिटे ४८ सेकंद येतात आणि सात मिनिटे हरवतात. एकादशी वा श्राद्धतिथीचा निर्णय काठावर असेल, तर सात मिनिटे थोडी नव्हेत. भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग वापरणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, त्याचे मध्यवर्ती स्थान ८२ अंश ३० कला पूर्व व २३ अंश ११ कला उत्तर हे आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांसाठी एक सूचना. पश्चिम रेखांश संगणकात ऋण चिन्हाने घातले जातात. न्यू जर्सीतील ७४ अंश २५ कला पश्चिम म्हणजे −७४.४१६७. ऋण चिन्ह संपूर्ण संख्येला लागते. ७४ ला ऋण करून त्यात ०.४१६७ मिळविल्यास −७३.५८३३ होऊन पाऊण अंशाहून अधिक फरक, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त, पडतो. चिन्ह अजिबात विसरले तर न्यू जर्सीचे घर मध्य आशियात जाते. क्रमही सांभाळावा. मोबाइलचे नकाशे आधी अक्षांश मागतात, पण काही संगणकप्रणाली आधी रेखांश घेतात. हुबळीचे आकडे उलटे पडले तर जागा नॉर्वेच्या उत्तरेस, स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेकडील थंड समुद्रात दिसते. ही चूक निदान तत्काळ लक्षात येते. सतरा किलोमीटरांची येत नाही.

अक्षांशाची एक कला जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक विकला सुमारे ३१ मीटर भरते. चंद्रोदयास कलेपर्यंतचे आकडे पुरेत. दाराशी गाडी आणावयाची असेल तर दशांशाची पाच स्थळे द्यावीत, त्यांत मीटरभराचीच चूक राहते. ट्रस्टच्या मिळकतीच्या कागदांवर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरून घेतलेले अंश-कला असतील, तर ते मोबाइलशी तंतोतंत जुळणार नाहीत. ते नकाशे एव्हरेस्ट मानलेल्या पृथ्वीगोलावर आधारलेले होते. उपग्रहयंत्रे निराळा गोल धरतात, म्हणून काही विकलांचा फरक दिसतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुले नकाशे मात्र उपग्रहांच्याच मानावर आहेत. अशा फरकावरून शेजाऱ्याशी हद्दीचा वाद उकरून काढण्यापूर्वी भूमापकाकडून प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी.

चरसंस्कार स्वतः काढू पाहणाऱ्यांनी कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवला आहे ना, हे आधी पाहावे. तो रेडियनवर असेल तर १५.३६५ अंशांऐवजी सुमारे ०.२६८ द्यावे लागेल, आणि काटकोनाचे शंभर भाग धरणाऱ्या ग्रेड मापावर असेल तर १७.०७. उत्तर पडताळण्यासाठी ४५ चा स्पर्शक काढून पाहावा. तो १ आला तरच यंत्र अंशांवर आहे.